चहा-साखर विकणारा ऑटो

मृगाचा पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांतून एक घुर्रर्र आवाज सुरू होतो, तो पार दसऱ्यापर्यंत. खांद्याला पट्टा, डोळ्यांवर गॉगल, पायांत गमबूट आणि हातात ग्रासकटर. पूर्वी बेणणीला गडी शोधत फिरावं लागायचं, आता मशीन शोधत फिरावं लागतं. यंदा तुमच्यापैकी काहींना गावाहून बाबांचा किंवा काकांचा फोन आलाच असेल की शहरात आहेस तर जरा बघ, आपल्याला एक चांगलं मशीन घ्यायचंय. आणि तुम्ही मोबाईल उघडून सीसी किती, एचपी किती, लाल बरं की नारिंगी, किती जणांनी किती तारे दिलेत, हे बघत बसला असाल. बघा की! पण त्याआधी एका माणसाला भेटून घ्या. त्याला जाऊन सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, पण पेट्रोलवर चालणारं बागेतलं कुठलंही मशीन घ्या, त्याची गोष्ट आड येतेच.

इंजिनीअरिंग किंवा डिप्लोमावाल्यांनी त्याचं नाव थर्मोच्या पेपरात लिहिलंय. ऑटो सायकल. आकृती काढा, एफिशियन्सीचं सूत्र सिद्ध करा, आठ मार्क. मी स्वतः अख्खं एक सेमिस्टर समजत होतो की हा ऑटो म्हणजे ऑटोमोबाईलमधला ऑटो, म्हणजे आपल्या रिक्षातला. मग कळलं की तो एक माणूस आहे. निकोलाउस ऑगस्ट ऑटो. जर्मन लोक ओटो म्हणतात, आपल्या पुस्तकांनी ऑटो केलं, आपणही तेच चालवू.

गंमत म्हणजे ज्याच्या नावाचं सूत्र सगळे इंजिनीअर घोकतात, तो इंजिनीअर नव्हताच. १८३२ साली जर्मनीतल्या होल्त्सहाउझेन नावाच्या खेड्यात त्याचा जन्म झाला. वडील त्याच वर्षी गेले. पोरगा शाळेत हुशार, पुढे तांत्रिक शिक्षण घ्यायचं असं चाललेलं. पण १८४८ मध्ये जर्मनीत उठावांची धामधूम झाली, दिवस अनिश्चित झाले, आणि आईने ठरवलं की मुलाने व्यापारात पडावं. चार पैसे खात्रीचे. आपल्याकडे आजही होतं तसंच. ऑटो दुकानात उमेदवारी करायला लागला आणि पुढे फिरता विक्रेता झाला. कोलोन शहर मुक्कामाचं ठिकाण, आणि तिथून गावोगाव हिंडून चहा, कॉफी, तांदूळ, साखर विकायची. टार्गेट, कमिशन, प्रवास. सेल्समधल्या मुलांना हे आयुष्य वेगळं सांगायला नको.

अशात १८६० साली त्याच्या कानावर पॅरिसच्या लनवार नावाच्या माणसाची बातमी आली. त्याने वाफेऐवजी गॅसवर चालणारं इंजिन बाजारात आणलं होतं. तेव्हा वाफेचं इंजिन म्हणजे मोठा बॉयलर, कोळसा, त्याला सांभाळणारा माणूस, फुटायची भीती. एखाद्या छोट्या छापखान्याला किंवा सुताराच्या कारखान्याला ते परवडणारच नाही. लनवारचं यंत्र त्या मानाने सुटसुटीत, शांत, दिसायला देखणं. फक्त एक होतं, ते शहरातल्या दिवाबत्तीच्या गॅसच्या नळाला बांधलेलं होतं. नळ नाही तिथे इंजिन नाही.

रस्त्यावर आयुष्य काढणाऱ्या सेल्समनला यातली अडचण पहिल्यांदा दिसली हे मला फार आवडतं. बरोबर नेता येईल असं द्रव इंधन हवं, हे त्याला कळलं. भावाबरोबर त्याने स्पिरिटवर, म्हणजे अल्कोहोलवर चालणाऱ्या इंजिनाची कल्पना कागदावर मांडली आणि १८६१ च्या सुरुवातीला प्रशियाच्या सरकारकडे पेटंटचा अर्ज टाकला. अर्ज फेटाळला गेला.

इथे जरा आपल्या पेट्रोल पंपाकडे बघा. आज तुम्ही ग्रासकटरसाठी बाटलीत जे पेट्रोल भरून नेता, त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि त्यातलं बरंचसं आपल्याच साखर कारखान्यांच्या आवारात तयार होतं. ऑटोचा फेटाळलेला अर्ज वेगळ्या वाटेने कोल्हापूर-सांगलीत येऊन पोचला म्हणा ना.

पण अल्कोहोलचा एक स्वभाव आहे, तो हवेतलं पाणी ओढून घेतो. रोज धावणाऱ्या बाईकला त्याचं काही वाटत नाही, कारण तिची टाकी रिकामी होत राहते. दिवाळीला ठेवून दिलेलं आणि थेट जूनमध्ये बाहेर काढलेलं ग्रासकटर मात्र रुसतं. टाकीत पाणी खाली बसतं, कार्बोरेटरच्या बारीक भोकांत राळ धरते आणि काका दोरी ओढून ओढून खांदा उखडून घेतात. म्हणून मशीन निवडताना आधी त्याच्या पुस्तिकेत किती टक्के इथेनॉल चालतं ते बघायचं. आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करून उरलंसुरलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवायचं, मगच माळ्यावर टाकायचं.

तर ऑटो. नोकरी सांभाळून त्याने कोलोनमधल्या एका कारागिराकडून छोटं इंजिन करून घेतलं आणि खेळत बसला. खेळता खेळता एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. गॅस आणि हवेचं मिश्रण नुसतं पेटवण्याऐवजी आधी पिस्टनने दाबून मग पेटवलं तर धक्का भलताच जोरात बसतो. १८६२ मध्ये त्याने चार सिलिंडरचं इंजिन केलं. ओढ, दाब, भडका, फेक. चार फेऱ्या, चार कामं. हेच ते फोर-स्ट्रोक. आणि त्या इंजिनाने काय केलं? स्वतःचेच तुकडे करून घेतले. भडक्याचे हिसके इतके जबर होते की यंत्र टिकेना. पदरचे पैसे गेले, आणि ज्या कल्पनेमुळे तो पुढे अजरामर झाला ती त्याने गुंडाळून बाजूला ठेवली. थोडीथोडकी नाही, जवळजवळ चौदा वर्षं.

या सगळ्या काळात त्याची एक वाट बघणारी होती. आना गोसी. कोलोनच्या कार्निव्हलमध्ये भेट झालेली, आणि लग्न झालं ते १८६८ मध्ये. मधली वर्षं पत्रांवर निघाली. प्रेमपत्रांत इंजिनाची प्रगती कळवणारा माणूस! आज त्याच्या धडपडीच्या वर्षांबद्दल जे कळतं, त्यातलं बरंचसं त्या पत्रांमुळेच.

१८६४ मध्ये त्याला ऑयगन लांगेन भेटला. हा शिकलेला इंजिनीअर आणि साखरेच्या धंद्यातला पैसेवाला (इथेही साखर आहेच). दोघांनी कोलोनमध्ये कंपनी काढली. फक्त इंधन आत जाळणारी इंजिनं बनवणारा जगातला हा पहिला कारखाना. पण ते फोर-स्ट्रोक बनवत नव्हते. त्यांनी एक विचित्र उभं धूड बनवलं. उभ्या सिलिंडरात गॅसचा भडका झाला की पिस्टन मोकळाच वर उडायचा. आतला गॅस थंड झाला की खाली पोकळी तयार व्हायची आणि बाहेरच्या हवेचा दाब पिस्टनला खाली ढकलायचा. खाली येतानाच तो चाकाला फिरवायचा, वर जाताना नाही. सायकलचं फ्रीव्हील आठवा, पायडल उलटं मारलं तरी चाकाला काही होत नाही, तसं. ही एकाच बाजूने पकडणारी पकड नीट बसवण्यात लांगेनचा हात होता.

आता चला १८६७ च्या पॅरिसमध्ये. जागतिक प्रदर्शन भरलंय. गॅस इंजिनं बरीच मांडलीत. लनवारचं यंत्र म्हणजे तिथला हिरो, शांत, चकचकीत, वाफेच्या इंजिनासारखं दिमाखदार. आणि एका बाजूला हे ऑटो-लांगेनचं खटारं. खडखड खडखड, दर खेपेला दात्यांची पट्टी वर उडतेय, कोणी जवळ उभं राहू नये असा आवाज. परीक्षकांनी बघितलं आणि पुढे सरकायच्या बेतात होते. त्यांच्यात फ्रान्झ रॉयलो नावाचा जर्मन प्राध्यापक होता. लांगेनचा जुना ओळखीचा, त्यामुळे त्याची थोडी ओढ असणार हे उघड आहे. पण त्याने वशिला लावला असं म्हणता येत नाही, कारण त्याने धरलेला आग्रह फार साधा होता. दिसणं राहू द्या, आवाज राहू द्या, एवढंच मोजा की तेवढंच काम करायला कोण किती गॅस खातं.

मोजलं. खटाऱ्याने लनवारच्या निम्म्याहूनही कमी गॅस खाल्ला. सुवर्णपदक ऑटो आणि लांगेनला.

काकांच्या मशीनचा प्रश्न सोडवायचा तर मी तुम्हाला इथेच थांबवीन. दुकानात सगळीच मशीनं चकचकीत असतात आणि रिकामी चालवली की सगळीच झकास गुरगुरतात. दुकानाच्या फरशीवर गवत नसतं ना! त्यामुळे शक्य असेल तर शेजारच्या वाडीत ज्याच्याकडे ते मॉडेल आहे त्याच्याकडे जा. थंड इंजिन कितव्या ओढीला सुरू होतं ते बघा. मापून पाव लिटर पेट्रोल घाला आणि उभ्या, ओल्या गवतात चालवा. किती गुंठे होतात? जाड बुंधा आला की दम तोडतं का? अर्ध्या तासाने हाताला मुंग्या येतात का? बंद करून गरम असताना लगेच पुन्हा सुरू होतं का? आणि हो, प्लग, दोरी, फिल्टर, क्लच तालुक्याला मिळतात का, की पुण्या-मुंबईहून मागवावे लागतात? स्पेअर मिळत नसेल तर पाच तारेही गवत कापत नाहीत. सीसीचा आकडा यानंतर बघितला तरी चालेल.

पॅरिसनंतर मागणी धो-धो आली. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या क्रॉस्ली बंधूंनी परवाना घेतला. कारखाना ऱ्हाइन नदीपलीकडे डॉइट्झला गेला आणि १८७२ मध्ये मोठी कंपनी झाली. तिथे तांत्रिक प्रमुख म्हणून कोण आलं, तर गॉटलीब डाइम्लर, आणि त्याच्याबरोबर विल्हेल्म मायबाख. आज ज्यांच्या गाड्यांचे फोटो आपण वॉलपेपरला लावतो ते दोघे ऑटोच्या कारखान्यातले सहकारी. डाइम्लर शिकलेला, कडक. ऑटो स्वतःच्या हिमतीवर शिकलेला, आणि मुळात विक्रेता. दोघांचं पटलं नाही. कॉलेजच्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये एक टॉपर आणि एक जुगाडू असला की जे होतं, ते तिथे दहा वर्षं चाललं.

उभ्या खटाऱ्याची मजल तोवर संपत आली होती. जेमतेम तीन हॉर्सपॉवरसाठी दहा फुटांहून उंच छत लागायचं. त्याहून मोठं करता येईना. धंदा बसायला लागला. आणि तेव्हा, १८७६ मध्ये, ऑटोने १८६२ चं ते मोडकं स्वप्न पुन्हा बाहेर काढलं. दाबलेल्या मिश्रणाचा हिसका मवाळ कसा करायचा, हाच प्रश्न होता. त्याला वाटलं की सिलिंडरमध्ये आधी हवा आणि मग दाट मिश्रण असे थर ठेवले तर आग हळूहळू पसरेल. त्या वर्षी त्याचं आडवं, एका सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन चाललं. तीन हॉर्सपॉवर, मिनिटाला १८० फेरे. आजचं ग्रासकटर मिनिटाला ७-८ हजार फेरे घेतं, त्यामुळे १८० ऐकून हसू येईल. पण ते तुटलं नाही. जागा कमी, गॅस कमी आणि जुन्या धुडाच्या मानाने इतकं शांत की इंग्लंडमध्ये ते मूक इंजिन म्हणूनच विकलं गेलं.

पुढे जाणकारांनी दाखवून दिलं की थरांचा त्याचा सिद्धांत काही खरा नव्हता. खरी कमाल आधी दाबण्यात होती. माणसाने योग्य यंत्र केलं आणि कारण मात्र चुकीचं सांगितलं. हे त्याला पुढे महागात पडलं असं माझं मत आहे, कारण त्याच्या १८७७ च्या पेटंटमध्ये थरांवरच सगळा जोर होता.

या पेटंटचा आपल्या बागेशी थेट संबंध आहे. फोर-स्ट्रोकची वाट ऑटोने अडवल्यामुळे बाकीचे आडवाटा शोधू लागले. स्कॉटलंडच्या डुगल्ड क्लार्कने टू-स्ट्रोक केलं. पुढे १८९१ च्या सुमाराला इंग्लंडच्या जोसेफ डे याने त्याहून सोपं टू-स्ट्रोक आणलं, ज्यात मिश्रण क्रँकच्या पेटीतून वर जातं आणि उघडझाप करणारे वेगळे व्हॉल्व्ह नसतात. आजची बहुतेक चेन सॉ आणि हलकी ग्रासकटर ही या डे महाशयांची वंशावळ. वजन कमी, भाग कमी, झाडावर तिरपं-उलटं धरलं तरी चालतं. पण त्या पेटीत वंगणासाठी ऑइल साठवता येत नाही, म्हणून ते पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. कुठे लिटरला २० मिली, कुठे ४०, पुस्तिकेत असेल तेवढंच.

हे मी छातीठोकपणे सांगतोय कारण बारावीच्या सुट्टीत मामाच्या ग्रासकटरमध्ये मी नुसतं पेट्रोल ओतलं होतं. वीस मिनिटं झकास चाललं, मग कर्रर्र झालं आणि दोरी जागची हलेना. पिस्टन चिकटला. मशीन बिचारं चांगलं होतं. मामा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही आणि उरलेलं रान मी कोयतीने बेणलं. घरात मशीन चार जण वापरणार असतील आणि त्यातला एक माझ्यासारखा असेल, तर थोडं जड असलं तरी फोर-स्ट्रोक घ्या. त्यात ऑइल वेगळं भरायचं असतं, पातळी बघायची असते, धूर कमी, पेट्रोल कमी. चेन सॉ हवी असेल किंवा डोंगरउतारावर दिवसभर खांद्यावर वागवायचं असेल, तर टू-स्ट्रोकचं हलकेपण हवंहवंसं वाटतं. सपाटीवरच्या पॉवर विडरला किंवा लॉनमोअरला मात्र फोर-स्ट्रोकच शोभतं.

ऑटोचं एक काम मात्र टू असो की फोर, दोन्हींत आहे. त्याचं १८७६ चं इंजिनही गॅसच्या नळालाच बांधलेलं होतं, आणि मिश्रण पेटवायला बाजूला एक ज्योत जळती ठेवावी लागायची. द्रव इंधनाचं जुनं स्वप्न यात बसेना. १८८४ मध्ये त्याने विजेची ठिणगी देणारं मॅग्नेटो इग्निशन केलं. चुंबक आणि तारेचं वेटोळं एकमेकांजवळ हलवून ठिणगी पाडायची, बॅटरी नकोच. तीन वर्षांनी रॉबर्ट बॉश नावाच्या तरुणाने एका गिऱ्हाइकासाठी डॉइट्झच्या नमुन्यावर तसंच यंत्र बनवून दिलं, आणि बॉश कंपनीची पुढची चाल तिथून सुरू झाली. तुम्ही ग्रासकटरची दोरी ओढता तेव्हा फ्लायव्हीलमधलं चुंबक कॉइलसमोरून जातं आणि प्लगला ठिणगी मिळते. बॅटरी कुठेय, असा प्रश्न लहान भावाने विचारला तर हे सांगा. ओढ जोरात आणि एका दमात का मारायची तेही यातच आलं. चुंबक वेगाने गेलं नाही तर ठिणगी पडत नाही.

सगळं जमून आलं होतं. १८८२ मध्ये वुर्झबुर्ग विद्यापीठाने या कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या माणसाला मानद डॉक्टरेट दिली. त्याच वर्षी डाइम्लर आणि मायबाख बाहेर पडले आणि स्वतःचं हलकं, वेगवान पेट्रोल इंजिन करायच्या मागे लागले. इतर कारखानदारांना तर ऑटोच्या परवान्याचा जाच होतच होता. त्यांच्या बाजूने शोधाशोध करताना कोणाला तरी एक जुनी फ्रेंच पुस्तिका सापडली. १८६२ मधली. लिहिणारा अल्फोन्स बो द रोशा. त्यात ओढ, दाब, भडका, फेक हा क्रम व्यवस्थित लिहिलेला होता. या रोशाने एकही इंजिन कधी बनवलं नव्हतं. पण कागद तो कागद. जानेवारी १८८६ मध्ये लाइपझिगच्या सर्वोच्च न्यायालयाने जर्मनीतलं ऑटोचं फोर-स्ट्रोकचं पेटंट रद्द केलं. त्याच महिन्यात कार्ल बेंझने आपल्या तीनचाकी मोटारगाडीच्या पेटंटचा अर्ज भरला होता. तिच्यात फोर-स्ट्रोक इंजिन होतं.

ऑटोला हे फार लागलं. पैशांपेक्षा, आपण दुसऱ्याचं उचललं असा शिक्का बसल्याचं दुःख जास्त असावं. न्याय झाला की अन्याय, यावर तुम्ही वाद घाला. कल्पना आधी लिहिणारा मोठा, की इंजिन फुटल्यावर चौदा वर्षांनी पुन्हा त्याच्याकडे जाणारा? माझं मत कुठे झुकतं ते तुम्हाला कळलंच असेल.

२६ जानेवारी १८९१ ला कोलोनमध्ये तो गेला. वय ५८. पेट्रोलवरच्या गाड्यांनी रस्ते भरलेले त्याने पाहिले नाहीत. मुलगा गुस्टाव्ह पुढे म्युनिकला विमानं बनवायला लागला आणि त्याच्या कारखान्याच्या अवशेषांतून बीएमडब्ल्यूच्या कुळाची एक शाखा निघाली. बीएमडब्ल्यूचा लोगो आज सगळ्यांना ओळखता येतो, बापाला थर्मोच्या पेपरापुरतंच ठेवलंय.

तुमच्यापैकी कोणी एमएससाठी जर्मनीला गेलात आणि कोलोनला उतरलात, तर डॉइट्झच्या रेल्वे स्टेशनबाहेर या. चौकाला ऑटोचंच नाव आहे. तिथे स्मारक म्हणून त्याचा पुतळा नाही, एका चौथऱ्यावर ते पॅरिसवालं उभं खटारं ठेवलंय, दात्यांच्या पट्टीसकट. लोक ट्रॉली बॅगा ओढत त्याच्या बाजूने जात असतात.